नवं लिगामेंट, जुना उतार

शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला जाणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. कुणी धक्का दिलेला नसतो, कुणी पाय घातलेला नसतो. पोरगं पळता पळता एकदम वळतं, पाय जमिनीत रुतल्यासारखा जागच्या जागी राहतो, अंग मात्र पुढं जातं. पोरगं गुडघा धरून खाली बसतं. नंतर विचारलं तर बहुतेक जण एकच सांगतात, ‘आतून टक्कन आवाज आला.’ पाच-दहा मिनिटांनी उठून चालताही येतं, त्यामुळं मित्र म्हणतात, काही नाही, लचकला असेल. रात्रीपर्यंत गुडघा टम्म फुगतो.

तालमीत हेच घडलं तर आधी हळदीचा लेप, मग पट्टी, मग कुणीतरी सांगितलेला हाडवैद्य. ‘वाटी सरकली’ असं निदान पेठेतच होऊन जातं. बऱ्याचदा वाटीचा काही दोष नसतो. महिना-दोन महिन्यांनी सूज उतरते, पैलवान पुन्हा मातीत उतरतो, आणि पहिल्याच झटापटीत गुडघा दगा देतो. मग एमआरआय होतो आणि कागदावर तीन अक्षरं येतात : एसीएल. गुडघ्याच्या आत तिरकं बांधलेलं, पुढच्या बाजूचं मुख्य लिगामेंट तुटलेलं असतं.

पुढचा रस्ता आता कोल्हापुरातही अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूची किंवा वाटीखालची दोरी काढून तिचं नवं लिगामेंट बनवतात आणि हाडात बोगदे पाडून ते बसवतात. त्यानंतर फिजिओथेरपी. इथपर्यंत सगळ्यांची गोष्ट सारखी असते. फरक दिसतो तो पुढं. एकाच वयाचे दोघे, एकाच प्रकारची शस्त्रक्रिया, व्यायामही सारखाच. एक जण वर्षभरानं खेळायला लागतो आणि पुढं कित्येक वर्षं खेळत राहतो. दुसऱ्याचं नवं लिगामेंट दीड वर्षात पुन्हा तुटतं.

मग कट्ट्यावर निकाल लागतो. याने व्यायाम केला नाही. डॉक्टरचं काहीतरी चुकलं. मैदान कडक होतं. यातलं एखादं कारण खरं असेलही. पण एक साक्षीदार कुणी बोलावतच नाही. तो म्हणजे त्या मुलाचं हाड. हाडाची ठेवण दुखापतीच्या आधीपासून तीच होती, शस्त्रक्रियेनंतरही तीच राहिली, आणि नव्या लिगामेंटवर रोज किती ओढ पडणार हे बऱ्याच अंशी तिनंच ठरवलं.

पठार सपाट नसतं

गुडघ्यात मांडीचं हाड वर आणि नडगीचं हाड खाली असतं. नडगीच्या हाडाचा वरचा भाग पसरट असतो, डॉक्टर त्याला ‘प्लॅटो’ म्हणतात, म्हणजे पठारच. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर उभं राहिलं की सगळं सपाट वाटतं, पण पावसाचं पाणी कुठं वाहून जातं ते पाहिलं की उतार कळतो. गुडघ्यातलं पठारही तसंच आहे. ते मागच्या बाजूला कललेलं असतं. बहुतेक माणसांत हा कल साधारण पाच ते दहा अंशांचा असतो. काहींत तो बारा, तेरा, क्वचित त्याहूनही जास्त असतो.

पाच-सहा अंशांनी काय बिघडतं, असं वाटेल. हिशोब करून बघू. हे पठार पुढून मागं साधारण पाच सेंटिमीटर लांब आहे. कल सात अंशांचा असेल तर पुढच्या कडेपेक्षा मागची कड सुमारे सहा मिलिमीटर खाली असते. कल बारा अंशांचा असेल तर साडेदहा मिलिमीटर. पाच सेंटिमीटरच्या जागेत ही उतरण मोठी आहे. घाटरस्त्याला एवढा उतार दिला तर भरलेला ट्रक ब्रेक दाबूनच खाली आणावा लागेल.

पाय टेकून शरीराचा भार गुडघ्यावर आला की मांडीचं हाड या उतारावरून मागं घसरू पाहतं. म्हणजेच नडगीचं हाड त्याच्या खालून पुढं सरकू पाहतं. हे सरकणं अडवणं हेच तर एसीएलचं मुख्य काम आहे. उतार जितका तीव्र, तितकी त्या दोरीवरची ओढ जास्त, आणि ही ओढ फक्त सामन्यात नाही, जिना उतरताना आणि बस पकडायला पळतानाही पडते. फ्रान्समधल्या ल्यों शहरातले अस्थिशल्यविशारद आंरी दजूर आणि मिशेल बोनँ यांनी १९९४ साली हे मोजून दाखवलं होतं. उतार दहा अंशांनी वाढला की नडगीचं हाड सहा मिलिमीटर जास्त पुढं सरकतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याकडं बरीच वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्या काळात सगळ्यांचं लक्ष दोरी कुठून घ्यायची आणि स्क्रू कोणता वापरायचा याकडं होतं.

चित्र बदललं ते सिडनीतल्या एका गटाच्या चिकाटीमुळं. त्यांनी मांडीमागच्या स्नायूची दोरी वापरून शस्त्रक्रिया केलेल्या २०० रुग्णांचा पंधरा वर्षं पाठपुरावा केला आणि त्यांच्या एक्स-रेवर उतार मोजला. २०१३ साली आलेल्या या अभ्यासात, ज्यांचा उतार बारा अंश किंवा जास्त होता त्यांच्यात पुन्हा एसीएल तुटण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली. त्या गटातल्या ५९ टक्के लोकांना कुठल्या ना कुठल्या गुडघ्यात पुन्हा ही दुखापत झाली होती.

पाच वर्षांनी त्याच केंद्रानं वीस वर्षांचा हिशोब मांडला. प्रौढांमध्ये नवं लिगामेंट वीस वर्षांनीही शाबूत असल्याचं प्रमाण ८६ टक्के होतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत ते ६१ टक्क्यांवर आलं. आणि ज्या मुलांचा उतार बारा अंशांवर होता त्यांच्यात? फक्त २२ टक्के. ज्या शहरात बारा-तेरा वर्षांची पोरं पेठेच्या संघाची जर्सी मिळवण्यासाठी पहाटे मैदानावर असतात, तिथल्या आई-बापांनी हा आकडा दोनदा वाचावा.

मात्र लगेच एक्स-रे काढून कोनमापक शोधायला बसू नका. सगळ्याच अभ्यासांत हा संबंध इतका ठळक दिसलेला नाही. उतार मोजण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. एक्स-रेवरचं माप आणि एमआरआयवरचं माप जुळेलच असं नाही, आणि पठाराची आतली बाजू व बाहेरची बाजू यांचे उतारही वेगळे असतात. जास्त उतार असलेले अनेक जण आयुष्यभर खेळतात आणि त्यांना काही होत नाही. उतार म्हणजे निकाल नव्हे. तो एक जोखमीचा घटक आहे, उच्च रक्तदाबासारखा. माहीत असला तर सांभाळता येतो.

मांडी कधी घालता येईल?

हाडाची दुसरी एक गोष्ट बरं होण्याच्या पहिल्या महिन्यांतच त्रास देते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोल उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये एक खाच. एसीएल या खाचेतून जातं. काहींची खाच ऐसपैस, कमानीसारखी असते. काहींची वर निमुळती होत गेलेली, अरुंद. अरुंद खाचेत मूळ लिगामेंटही बारीक असतं आणि ते तुटण्याचा धोका जास्त असतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. स्त्रियांमध्ये ही खाच सरासरीनं लहान असते. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होते, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक मानलं जातं.

आता अशा अरुंद खाचेत जाडजूड नवी दोरी बसवली, किंवा बोगदा थोडासा पुढं पडला, तर काय होईल? पाय पूर्ण सरळ करताना दोरी खाचेच्या छताला घासते. कधी तिथं जखमेच्या ऊतीची गाठ तयार होते आणि गुडघा शेवटच्या पाच-दहा अंशांत अडतो. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणूनच खाच बघून दोरीची जाडी ठरवतात आणि गरज वाटली तर खाचेची कड थोडी तासून घेतात.

रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या चिंतेत इथं मोठा फरक आहे. आपल्याकडं शस्त्रक्रियेनंतर घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘मांडी कधी घालता येईल?’ पंगतीला बसायचं असतं, देवापुढं बसायचं असतं. त्यामुळं सगळा जोर गुडघा वाकवण्यावर असतो. डॉक्टर आणि फिजिओ मात्र पहिले काही आठवडे पाय पूर्ण सरळ होतो की नाही ते बघत असतात. गुडघा वाकणं पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांना परत मिळतं. सरळ होणं सुरुवातीला हुकलं तर नंतर मिळवणं फार जड जातं, चालण्यात लंगड राहते आणि मांडीचा पुढचा स्नायू वाळत जातो.

आणि नेमकं याच काळात मायेपोटी एक चूक घरोघरी होते. पेशंटच्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली जाते. दुखणाऱ्या गुडघ्याला ती बरी वाटते, कारण किंचित वाकलेल्या अवस्थेत आत दाब कमी असतो. पण तासन् तास तसाच पडलेला गुडघा तसाच आखडतो. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर उशी नको, टॉवेलची गुंडाळी हवी, आणि तीही टाचेखाली.

हाडाच्या गोष्टीत मेनिस्कसला विसरून चालत नाही. दोन हाडांमध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. त्या सगळीकडं सारख्या जाड नसतात, मागच्या बाजूला जास्त जाड असतात. उतारावर थांबवलेल्या ट्रकच्या चाकाला दगड लावतात ना, अगदी तसं काम ही मागची जाड कड करते. हाडाचा उतार बारा अंशांचा असला तरी गादीमुळं प्रत्यक्षात जाणवणारा उतार कमी होतो. एसीएल तुटतं तेव्हा अनेकदा ही गादीही फाटते. पूर्वी फाटलेला भाग सरळ कापून काढत. आता शक्य असेल तिथं शिवतात. शिवलेली गादी जुळायला वेळ लागतो, त्यामुळं काही आठवडे वजन कमी टाकायचं, गुडघा जास्त वाकवायचा नाही अशी बंधनं येतात आणि रुग्ण वैतागतो : ‘शेजारच्याला दुसऱ्या दिवशी चालवलं, मला का नाही?’ कारण शेजारच्याच्या गुडघ्यात वेगळं काम झालेलं असतं.

कुत्र्यांकडून शिकलेला धडा

हा उतारच बदलता आला तर? ही कल्पना माणसांच्या डॉक्टरांआधी प्राण्यांच्या डॉक्टरांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. कुत्र्यांमध्ये हेच लिगामेंट तुटणं हा लंगडण्याचा फार मोठा भाग आहे. कुत्रा सदैव गुडघा वाकवून उभा असतो आणि त्याच्या नडगीच्या पठाराचा उतार वीस-पंचवीस अंशांचा असतो, त्यामुळं त्याचं लिगामेंट सतत ताणाखाली असतं. अमेरिकेतले पशुवैद्य बार्कले स्लोकम यांनी वेगळाच विचार केला. दोरी नवी बांधण्याऐवजी त्यांनी नडगीचं हाड वरच्या बाजूला गोलाकार कापलं, फिरवलं आणि पठार जवळजवळ सपाट करून पट्टी व स्क्रूनं पक्कं केलं. १९९३ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. उतारच उरला नाही, तर घसरणार काय? आज जगभर मोठ्या कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली आहे.

माणसात हाड कापणं एवढं सोपं नाही आणि सरसकट करायचंही नाही. ज्यांचं नवं लिगामेंट एकदा किंवा दोनदा तुटलं आहे आणि उतार बारा अंशांच्या बराच वर आहे, अशा मोजक्या रुग्णांत नडगीच्या हाडाच्या पुढच्या बाजूनं पाचरीएवढा तुकडा काढून उतार कमी करतात. हाड जुळेपर्यंत थांबावं लागतं. उतार गरजेपेक्षा जास्त कमी झाला तर गुडघा उलटा मागं वाकायला लागतो. पहिल्याच दुखापतीला हा मार्ग सहसा कुणी सुचवत नाही, आणि सुचवला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं योग्यच.

तरुण आणि जोखमीच्या खेळातल्या रुग्णांसाठी यापेक्षा हलका पर्याय आहे. मुख्य शस्त्रक्रियेबरोबरच गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला मांडीवरच्या जाड पडद्याची एक पट्टी आधार म्हणून बांधतात. कॅनडातल्या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली १४ ते २५ वयाच्या ६१८ खेळाडूंवर याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. फक्त एसीएल केलेल्यांत दोन वर्षांत नवं लिगामेंट तुटण्याचं प्रमाण ११ टक्के होतं, पट्टीचा आधार दिलेल्यांत ४ टक्के. आकडा बोलका आहे, तरी ही पट्टी प्रत्येकाला हवीच असंही नाही.

दुसरा गुडघा

हाडाची ठेवण सहसा दोन्ही पायांत सारखी असते. एका गुडघ्याचा उतार जास्त, तर दुसऱ्याचाही जास्त. सिडनीच्या अभ्यासात ज्यांना पुन्हा दुखापत झाली नाही त्यांचा सरासरी उतार साडेआठ अंश होता. ज्यांचं नवं लिगामेंटही तुटलं आणि दुसऱ्या गुडघ्यातलं मूळ लिगामेंटही तुटलं, त्यांचा जवळजवळ तेरा. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या पायाचे लाड करताना चांगल्या पायाला विसरून चालत नाही.

विनेश फोगाट यांचं उदाहरण कुस्तीच्या गावाला सांगायला नको. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चिनी मल्लाशी लढताना त्यांच्या उजव्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. दोन वर्षांनी त्या आशियाई सुवर्णपदक घेऊन आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सरावात त्यांचा डावा गुडघा गेला आणि १७ ऑगस्टला मुंबईत शस्त्रक्रिया झाली. एक वर्षाच्या आत त्या पॅरिसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठेपर्यंत लढल्या. इथं दोष हाडाला द्यायचं कारण नाही. एकेरी पट काढताना आणि सोडवताना गुडघ्यावर येणारा पीळ एवढा असतो, की तेच पुरेसं आहे. मुद्दा दोन्ही गुडघ्यांच्या तयारीचा आहे.

तालमीतल्या व्यायामाबद्दल एक निरीक्षण नोंदवावंसं वाटतं. जोर-बैठकांनी आपल्या पोरांच्या मांड्या पुढून दगडासारख्या होतात. मांडीमागचे स्नायू त्या मानानं कमी कसले जातात. मांडीपुढचा स्नायू गुडघा सरळ करताना नडगीला पुढं ओढतो, मागचे स्नायू तिला मागं धरून ठेवतात. म्हणजे उतार जास्त असलेल्या माणसाचे खरे राखणदार मागचे स्नायू. त्यातच नवी दोरी बहुधा याच स्नायूंतून काढलेली असते. फिजिओकडून मांडीमागच्या स्नायूंचे वेगळे व्यायाम शिकून घेणं आणि ते शस्त्रक्रिया झाल्यावरच नाही तर आधीपासून करणं, यात खर्च काही नाही. बैठका पुन्हा कधी सुरू करायच्या, हे मात्र वस्तादांनी एकट्यानं ठरवू नये.

राहिला प्रश्न वेळेचा. नवी दोरी बसवली त्या दिवशी मजबूत असते, पण नंतर तिला रक्तपुरवठा नव्यानं मिळेपर्यंत ती मऊ पडते आणि पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात दुबळी असते. गंमत अशी, की याच सुमारास सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि पोराला वाटतं आपण बरे झालो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं पुढं ढकलावं तितका पुन्हा दुखापतीचा धोका उतरतो, दर महिन्याला जवळजवळ निम्म्यानं. ज्यांनी ताकदीच्या आणि एका पायावर उड्या मारण्याच्या चाचण्या पार करून खेळ सुरू केला त्यांच्यात गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास होतं. चाचण्या पार न करता उतरलेल्यांत ३८ टक्के. क्रिकेटपटू ऋषभ पंत यांच्या गुडघ्यावर जानेवारी २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ते मैदानात उतरले मार्च २०२४ मध्ये. हाताशी जगातले उत्तम फिजिओ असताना चौदा महिने.

एक्स-रेच्या पाकिटाबद्दल थोडं. उतार मोजायला गुडघ्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे लागतो, दोन्ही उंचवटे एकावर एक येतील असा, आणि त्यात नडगीचा वरचा वीतभर भाग दिसायला हवा. नुसत्या सांध्याचा छोटा फोटो असला तर माप चुकतं. एमआरआय झाला की हे जुने एक्स-रे कपाटामागं पडतात किंवा रद्दीत जातात. ते जपून ठेवावेत, आणि शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना एवढंच विचारावं : माझा उतार किती आहे, खाच कशी आहे, आणि त्यामुळं माझ्या बाबतीत काही वेगळं करणार आहात का? पहिली शस्त्रक्रिया फसून दुसरीचा विचार चालू असेल तर हा प्रश्न टाळूच नये.

केएसएच्या लीगमध्ये जानेवारीत गुडघा गेलेल्या मुलाची शस्त्रक्रिया साधारण फेब्रुवारीत होते. नऊ महिने मोजले तर नोव्हेंबर येतो, म्हणजे पुढच्या हंगामाच्या तोंडावर. संघातून निरोप यायला सुरुवात होते. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झालेल्याचे नऊ महिने जानेवारीत, ऐन हंगामात भरतात, आणि त्याला तर डिसेंबरपासूनच फोन येतात. उतार तेरा अंशांचा असेल आणि एका पायावरची उडी अजून डळमळत असेल, तर त्या फोनला काय उत्तर द्यायचं हे घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी मुलाबरोबर आधीच बसून ठरवलेलं बरं. त्याच्या एकट्यावर सोडलं तर तो ‘येतो’ म्हणणार.